ओव्हल ते शिवाजी पार्क : मुंबईच्या आर्ट डेकोची पार्श्वभूमी

३० जून २०१८ रोजी ओव्हल मैदानाभोवतीचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. मैदानाच्या पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, म्हणजे टोकदार कमानी आणि दगडी कोरीवकामाची गॉथिक शैली; पश्चिमेला गोलाईदार गॅलऱ्यांच्या इमारतींची रांग, म्हणजे आर्ट डेको, साध्या, सफाईदार रेषांची विसाव्या शतकातली शैली. या दोन शैलींमधलं अंतर एकाच घराण्यात दिसतं. व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स गॉथिकचे, त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी १९३३ मध्ये रीगल थिएटर बांधलं ते डेकोत.

पश्चिमेची ही रांग जिथे उभी आहे तिथे पूर्वी समुद्र होता. १९२०च्या दशकातल्या बॅकबे भरावाचा खर्च हाताबाहेर गेला, काँग्रेसचे नेते के. एफ. नरिमन यांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला आणि योजना अर्धवटच राहिली. जी जमीन हाती आली, तिच्यावर मात्र नवं शहर उभं राहिलं.

या शैलीचा गाजावाजा १९२५च्या पॅरिस प्रदर्शनापासून झाला हे खरं, पण मुंबईच्या डेकोला पॅरिसची नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ती इथे रुजली सिमेंट-काँक्रीटमुळे. दगडी कोरीवकामाचा वेळ आणि खर्च वाचला, भिंतीतून पुढे येणारे पातळ छज्जे टाकता आले, आणि आपल्या ऊन-पावसात ते छज्जे रोजच्या उपयोगाचे होते. शिवाय आराखडे काढणारे हात बदलले होते, आता ते भारतीय वास्तुरचनाकारांचे होते. मरीन ड्राइव्हवरचा सूना महाल (१९३७) गजानन म्हात्रे यांचा, इरॉस थिएटर (१९३८) शोराबजी भेडवार यांचं. फोर्टातल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी घडवलेली शिल्पं आहेत. ती मान वर करून, सावकाश पाहावीत अशी आहेत.

दादर-माटुंग्याची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त मोलाची. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहराची दाटी आणि अस्वच्छता कमी करण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने आखलेल्या उत्तरेकडच्या वसाहतींत पुढे तीन-चार मजली डेको इमारती आल्या. चाळीतून आलेल्या कुटुंबाला इथे स्वतःचं न्हाणीघर आणि संडास मिळाला, हवेशीर गॅलरी मिळाली. शिवाजी पार्कच्या कडेने आजही त्यांतल्या काही दिसतात. जागतिक वारशाची हद्द मात्र दक्षिण मुंबईतच संपते, आणि पुनर्विकासात इथल्या इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत.