अंग झाडणारा प्राणी फोटोत पकडायचा तर आधी त्याचा ठेका ओळखा

भिजलेलं कुत्रं अंग झाडताना आपण सगळ्यांनीच बघितलंय, पण खरं सांगायचं तर डोळ्याला त्यातलं फारसं काही दिसत नाही. एक धूसर गोळा हलतो, पाणी उडतं, शेजारचे लोक ओले होतात आणि संपलं. फोटोत मात्र भलताच प्राणी दिसतो, ओठ एका बाजूला कानापर्यंत ओढले गेलेत, कान दोन दिशांना, डोळे घट्ट मिटलेले आणि अंगाभोवती थेंबांची चक्री. असा फोटो नशिबाने मिळतो, बटण दाबून ठेवायचं, शंभरात एखादा निघतो, असं बरेच जण सांगतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण या झटकण्याला एक ठेका असतो आणि प्राणी किती मोठा आहे यावरून तो आधीच बराचसा सांगता येतो.

हे नीट मोजलं अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या अँड्र्यू डिकरसन, झॅकरी मिल्स आणि डेव्हिड हू यांनी. त्यांचा पेपर २०१२ मध्ये आला. त्यांनी १६ जातींचे ३३ प्राणी घेतले, छोट्याशा उंदरापासून थेट अस्वलापर्यंत, त्यातले बरेचसे अटलांटाच्या प्राणीसंग्रहालयातले, आणि ते अंग झाडताना हायस्पीड कॅमेऱ्याने शूट केलं. उंदीर सेकंदाला साधारण ३० वेळा झटकतो, मोठा पांढरा उंदीर म्हणजे रॅट १८ वेळा, लॅब्रेडॉरसारखं कुत्रं चार-साडेचार वेळा आणि अस्वल चारेक वेळा. म्हणजे जितकं अंग मोठं तितका ठेका संथ.

असं का होतं ते समजायला सोपं आहे. पाण्याचा थेंब केसाला चिकटून राहतो तो पृष्ठताणामुळे, आणि त्याला उडवायचं तर अंग इतक्या जोरात फिरायला हवं की ती पकड सुटेल, वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये होतं अगदी तेच. आता कुत्र्याचं अंग जाड, त्याची कातडी मधल्या आसापासून, म्हणजे अंग ज्या रेषेभोवती फिरतं तिच्यापासून, लांब, त्यामुळे हळू फिरूनही थेंबावर भरपूर जोर येतो. उंदराची कातडी आसापासून जेमतेम सेंटिमीटरभर, त्याला तेवढाच जोर मिळवायला कितीतरी भरभर फिरावं लागतं. या प्राण्यांमध्ये थेंबावर येणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या १० ते ७० पट निघाला!

पण नुसता पाठीचा कणा फिरवून एवढा जोर येत नाही. कुत्र्याचा कणा एका बाजूला साधारण ३० अंशच वळतो, कातडी मात्र ९० अंशांपर्यंत जाते, कारण ती अंगावर सैल असते, कणा परत फिरला तरी ती आपल्याच वेगात पुढे जात राहते. फोटोत तो विचित्र वाकडा चेहरा दिसतो ना, तो याच सैल कातडीमुळे, हाडं एकीकडे आणि गाल दुसरीकडे.

आता हेच आकडे कॅमेऱ्याकडे घेऊन जाऊ. समजा मध्यम-मोठं कुत्रं आहे, आसापासून कातडी १५ सेंटिमीटरवर, ठेका सेकंदाला साडेचार, कातडी दोन्हीकडे ९० अंश जातेय. गणित केलं की झोक्याच्या मधोमध कातडीचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास येतो. शटर १/६०, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाएवढं, ठेवलंत तर तेवढ्या वेळात केस दहा-अकरा सेंटिमीटर सरकले, म्हणजे फोटोत नुसती पुसट पट्टी. १/५०० ला सव्वा सेंटिमीटरच्या वर, अजूनही केस वेगळे दिसणार नाहीत. १/२००० ला तीन-साडेतीन मिलिमीटर, इथे चित्र जमायला लागतं, आणि थेंब गोल टिपायचे असतील तर अजून वर जा, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, थोडी ग्रेन म्हणजे दाणेदारपणा चालतो पण ब्लर झालेला डोळा चालत नाही. (बॅकग्राउंड गडद आणि ऊन मागून असेल तर थेंब जे काही चमकतात!)

आणि एक गोष्ट लक्षात ठेवली तर कमी उजेडातही फोटो वाचतो. झटकणं म्हणजे इकडून तिकडे जाणारा झोका आहे, आणि झोका टोकाला पोचला की परत फिरण्याआधी क्षणभर थांबतो. तिथे कातडीचा वेग जवळपास शून्य. साडेचारच्या ठेक्यात अशी टोकं सेकंदाला नऊ येतात. त्या क्षणी फ्रेम पडली तर मंद शटरलाही चेहरा लख्ख येतो, कारण तो थांबलेला असतो, आणि आधीच सुटलेले थेंब मात्र हवेत रेघा ओढत असतात, मला तर असे फोटो सगळं गोठवलेल्या फोटोंपेक्षा जास्त जिवंत वाटतात. पण बर्स्टचा, म्हणजे बटण दाबून ठेवल्यावर लागोपाठ निघणाऱ्या फोटोंचा, वेगही सेकंदाला नेमका नऊच्या आसपास असेल तर घोळ होऊ शकतो, कारण प्रत्येक फ्रेम झोक्याच्या जवळपास त्याच जागेवर पडते, सगळ्या फ्रेम टोकावरच्या किंवा सगळ्या मधल्या पुसट. म्हणून कुत्र्यासाठी बर्स्टचा वेग नऊपासून लांबचा निवडा. उंदीर-खारीसारख्या छोट्या जिवाला एवढं मोजायची सोय नाही, तिथे शटरच वाढवायचं.

मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट शटर असतं ते इथे बंदच ठेवलेलं बरं. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात डोकं फिरलेलं असतं, मग मान एकीकडे आणि थोबाड दुसरीकडे असा तिरपा फोटो येतो. काहींना वाटतं प्राणीच तसा वाकला होता, पण ती करामत सेन्सरची असते.

एवढा खटाटोप प्राणी करतात तरी का? साधारण २७ किलोचं कुत्रं भिजलं की अर्धा किलोच्या आसपास पाणी अंगावर घेऊन फिरतं, आणि ते नुसतं अंगाच्या उबेने सुकवायचं तर दिवसभराच्या खाण्यातली पाचवा हिस्सा ऊर्जा त्यातच जाईल. थंडीत रानातल्या प्राण्याला हे परवडत नाही. झटकून मात्र सेकंदाच्या आत सत्तरेक टक्के पाणी निघून जातं. ही क्रिया सुरू कशी होते तेही आता बरंच कळलंय. हार्वर्डच्या डेव्हिड गिंटी यांच्या गटाने उंदरांच्या मानेवर तेलाचे थेंब टाकून बघितलं आणि २०२४ मध्ये दाखवून दिलं की केसांच्या मुळांना वेढणाऱ्या, अगदी हलका स्पर्श ओळखणाऱ्या एका जातीच्या चेतातंतूंमुळे उंदीर अंग झाडतात.

पक्ष्यांचं प्रकरण अजून वेगळं, कारण पक्षी कोरडे असतानाही पिसं झाडतात. पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, ते विस्कटले की चोचीने विंचरायचे आणि मग अंग फुलवून एकदा झाडायचं की सगळी पिसं जागेवर बसतात. झटकण्यात कमाल केलीय ती हमिंगबर्डने. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये व्हिक्टर ओर्तेगा-हिमेनेस आणि रॉबर्ट डडली यांनी भिजलेल्या ॲनाज हमिंगबर्डचं शूटिंग केलं, तर चार-पाच ग्रॅमचा तो पक्षी हवेत तरंगता तरंगताच अंग झाडतो, आणि डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ३४ पट जोर येतो. कुत्र्याचे आकडे इथे धरून चालणार नाही, १/४००० च्या खाली मी तरी जाणार नाही.

आपल्याकडे यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे उजनी धरणाच्या काठावरचं भिगवण. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर बदकं, शेकाटे, रोहित असतात आणि सकाळच्या उन्हात बराच वेळ अंघोळ आणि पिसं साफ करणं चालतं. तिथे बघायचं ते चोचीकडे. पक्षी पिसं विंचरता विंचरता थांबला, मान जरा वर घेतली आणि अंग फुगवलं की बटणावर बोट ठेवायचं. बदक अंघोळ संपत आली की पाण्यात उभं राहिल्यासारखं वर येतं आणि पंख फडफडवतं, तेव्हा फ्रेम आधीच सैल ठेवलेली हवी, नाहीतर पंखांची टोकं कापली जातात. कुत्र्यातही अशी खूण आहे, झटका डोक्यापासून सुरू होतो आणि लाटेसारखा शेपटीपर्यंत जातो, म्हणून फोकस डोळ्यावर आणि नजर कानांवर ठेवायची.

फोटोसाठी कुणी प्राण्यावर मुद्दाम पाणी टाकत असेल तर मला ते सहन होत नाही. घरचं कुत्रं अंघोळीनंतर आपोआप झाडणारच आहे, रानातल्या जिवाला मात्र थंडीत भिजवणं म्हणजे वर सांगितलेली सगळी ऊर्जा त्याच्या पोटातून काढून घेणं. भिजलेल्या छोट्या पक्ष्याला नीट उडताही येत नाही, शिक्र्यासारखा शिकारी पक्षी आला तर हा सुटत नाही, म्हणून अंघोळ करणाऱ्या पक्ष्याच्या जवळ होडी नेऊ नका, नावाड्यालाही आधीच सांगून ठेवा, लांबची लेन्स लावा आणि त्याचं आवरेपर्यंत थांबा.