न वाजवलेला गंधार

पेडण्या-डिचोलीकडच्या भजनी घरात पेटीशेजारी गिटार दिसली, तर गोव्यात कुणाला नवल वाटत नाही. अशा घरातलं पोर रॉक गाणं शिकायला बसलं की त्याच्या हाती आधी पॉवर कॉर्ड येते, म्हणजे एकदम छेडायची दोन सुरांची जोडी. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेवर तर्जनी, पाचव्या तारेवर दोन फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) पुढे अनामिका, बाकीच्या तारा गप्प. हाच साचा वरखाली सरकवायचा. दर फ्रेटला कंपनसंख्या (तार सेकंदाला किती वेळा कंप पावते ती) सुमारे ५.९ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे साचा कुठेही नेला तरी दोन सुरांचं नातं तेच राहतं. तीन-चार जागा पाठ झाल्या की गाणं उभं राहतं. बोटं दुखतात, पण टोकांची कातडी काही आठवड्यांत घट्ट होते.

हे दोन सूर म्हणजे सा आणि प. पूर्ण कॉर्डमध्ये सा, ग, प असे तीन सूर लागतात; पॉवर कॉर्डमध्ये ग, म्हणजे गंधार, नसतोच, म्हणून काही जण तिला अर्धवट समजतात. मला ते पटत नाही.

खुली सहावी तार सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते आणि तिचा पंचम १२३.५ वेळा, म्हणजे जवळजवळ २:३. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे रॉकमधला तो मुद्दाम फाटका केलेला आवाज काढताना, ॲम्प्लिफायर लहरींचे माथे छाटतो आणि त्या छाटणीतून मुळात नसलेले सूर जन्मतात. त्यांत या दोन कंपनसंख्यांची वजाबाकी असते आणि बेरीजही. वजाबाकी ४१.१: खालच्या सप्तकातला सा, बेस गिटारच्या जाड तारेचा. म्हणून दोनच तारांचा आवाज एवढा भरदार वाटतो. बेरीज २०५.९, आणि हा चक्क शुद्ध गंधार! नीट लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून ऐकू येतो त्या स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणाऱ्या, गंधाराचाच हा सख्खा भाऊ, दोघेही आपापल्या खालच्या सा-च्या पाचपट कंपनसंख्येचे.

आता तिसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बोट ठेवून गंधार मुद्दाम वाजवला, तर तो निघतो २०७.७ वर. गिटारचे फ्रेट पेटीसारखेच समान अंतराच्या बारा स्वरांत बसवलेले असतात आणि त्यात गंधार किंचित चढा लागतो. दोन गंधार एकमेकांवर घासतात, सेकंदाला जवळजवळ दोनदा आवाज हेलकावतो, आणि वरच्या स्वरांत ही घासाघीस आणखी वाढून कॉर्ड गढूळ होते.

डिस्टॉर्शन बंद केलं की ते उपजलेले सूर जातात आणि पूर्ण कॉर्ड गोड लागते. मांडो या गोव्यातल्या कोंकणी गाण्याच्या साथीला बसलेला गिटारवाला तीच बिनधास्त धरतो.