पिंजर, कलप, टिकली : तपासणीचे नियम आले कुठून?

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, त्याच दिवसांत सोलापुरात घरोघरी हळदीकुंकू सुरू होते. वाणाच्या खरेदीबरोबर पिंजर, म्हणजे कोरडे कुंकूही येते, आणि ती बहुधा राशीतून, वजनावर घेतलेली असते. पंढरपूरला गेलेले कुणी कुंकू-बुक्क्याची पुडी घेऊन येते ती वेगळीच. प्रसाधनांच्या सुरक्षिततेचे नियम कसे घडत गेले हे पाहायला ही पुडी उत्तम, कारण यातले बरेचसे नियम तिला लागू पडता पडता राहतात.

जुन्या पद्धतीच्या कुंकवात हळकुंडे लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांत भिजवून, वाळवून दळत. हळदीतले कर्क्युमिन आणि टाकणखारातले बोरॉन आम्लात एकत्र आले की लाल रंग धरतो. हळदीला चुना लावूनही लाल रंग येतो, पण तो कच्चा. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. त्यामुळे ‘लिंबू पिळून पिवळे झाले तर खरे कुंकू’ ही घरगुती परीक्षा चुकीची ठरते, कारण टाकणखाराचे अस्सल कुंकू लिंबाने पिवळे पडत नाही. त्याची परीक्षा उलट आहे. चिमूटभर कुंकवावर चुन्याची निवळी टाकली तर रंग हिरवट-काळपट होतो. नुसता कृत्रिम रंग असेल तर तो सहसा लालच राहतो. शिसे मात्र यातल्या कशातच दिसत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी.

कृत्रिम रंग स्वस्त झाले तसे हळदीचे हे खटाटोप मागे पडले. कुंकवाच्या अ‍ॅलर्जीवरच्या अभ्यासांत ‘सुदान-१’ आणि ‘ब्रिलियंट लेक रेड आर’ हे अ‍ॅझो रंग सापडले आहेत. अ‍ॅझो हे कृत्रिम रंगांचे कूळ सोलापूरच्या कापड रंगवणाऱ्यांना परके नाही. १९९४ मध्ये जर्मनीने अमाइन नावाची कर्करोगकारक रसायने सोडणाऱ्या अ‍ॅझो रंगांवर बंदी आणली. भारतात १९९३ आणि १९९७ च्या आदेशांनी मिळून ११२ रंग बंद झाले. टॉवेल परदेशी पाठवायचा तर गिऱ्हाईक रंगाचा चाचणी-अहवाल मागते. कपाळावरच्या रंगाचा अहवाल कोण मागतो?

शेंदराची गोष्ट आणखी गंभीर. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. आपल्याकडे तो मारुतीला तेलातून लावतात, पण कुंकवात त्याची भेसळ झाली तर धोका कातडीपेक्षा बोटांवाटे तोंडात जाण्याचा असतो, आणि तो लहान मुलांना जास्त. वजन हा एक संशयाचा धागा आहे. शिशाची पूड हळदीच्या पुडीपेक्षा कितीतरी जड असते, चमचाभर कुंकू हाताला नको तितके जड लागले तर ते वापरू नये.

भारतातला १९४० चा कायदा फक्त औषधांचा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली, अंमल १९६४ पासून. साबण तेव्हा वगळला होता, तो १९८२ च्या दुरुस्तीने आत आला. मर्यादा आकड्यांत ठरल्या: प्रसाधनाच्या रंगद्रव्यात शिसे २० पीपीएम, म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅम, आणि आर्सेनिक २ पीपीएम. पारा मुद्दाम घालायचाच नाही. नकळत आलाच तर १ पीपीएमपर्यंत. डोळ्यांच्या प्रसाधनांत टिकवणीसाठी तेवढी ७० पीपीएमची सवलत होती.

कलपाच्या खोक्यावरची इशाऱ्याची ओळ तर थेट अमेरिकेतून आलेली आहे. १९३३ मध्ये तिथे ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्यांचा रंग निघाला होता. त्यातल्या पॅराफेनिलीनडायअमीनसारख्या रंगाने बायकांचे डोळे गेले. १९३८ च्या अमेरिकी कायद्यात मग इशारा आला: आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, आंधळेपण येऊ शकते. आपल्या नियमांत जवळजवळ तेच शब्द आहेत, आणि तो मजकूर इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापावा लागतो. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांच्या या शहरात ते गरजेचेच. चाचणी अशी: कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला साबणाने धुऊन, तयार केलेला कलप थोडासा लावायचा, वाळू द्यायचा आणि २४ तासांनी पाहायचे. खरे तर कलपातल्या अशा रंगाची अ‍ॅलर्जी उशिरा उठते, बऱ्याचदा ४८ ते ७२ तासांनी. म्हणून धुतल्यावरही दोन दिवस जागेवर लक्ष ठेवावे. सलूनच्या खुर्चीत बसल्यावर चाचणी करण्यात काही अर्थ नसतो. काळी मेंदी म्हणून जे लगेच चढते त्यातही बहुधा पॅराफेनिलीनडायअमीनच असते.

फ्रान्समध्ये १९७२ साली बाळांच्या एका पावडरीत चुकून ६ टक्के हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक मिसळले गेले आणि ३६ मुले दगावली. त्यानंतर फ्रान्सने १९७५ मध्ये, युरोपने १९७६ मध्ये प्रसाधनांचे कायदे केले. सुरक्षिततेची तपासणी घटकापुरती करून भागत नाही, माल मिसळतानाही करावी लागते, हे तेव्हा कळले.

टिकलीचा त्रास मात्र आपला, देशी. पूर्वी मेण लावून त्यावर कुंकू लावत. मेणाची जागा डिंकाने घेतली, आणि काही डिंकांतल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल या रसायनामुळे कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडू लागला. हे कोड नव्हे, पण तसे समजून सोयरिकी मोडतात. डाग फिका असतानाच टिकली बंद करून त्वचारोगतज्ज्ञाला दाखवले तर रंग परत येण्याची शक्यता जास्त.

२०१४ मध्ये भारतात प्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी आली, २०२० मध्ये प्रसाधनांचे वेगळे नियम झाले. वेष्टनावर परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकांची यादी हवी. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने. पण ३० ग्रॅमपेक्षा लहान घन मालाला यादीतून सूट आहे, आणि कुंकवाच्या डब्या बहुतेक त्याहून लहानच. सुट्या राशीला तर वेष्टनच नाही.

संशय आला तर १९४० च्याच कायद्याच्या कलम २६ नुसार ग्राहकालाही विकत घेतलेले प्रसाधन शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देता येते आणि सहीचा अहवाल मिळतो. चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात करावी. शक्यतो न उघडलेली डबी द्यावी आणि बिल सोबत ठेवावे. सुटे कुंकू असेल तर राशीच्या वरून, मधून आणि तळातून घेतलेले एकत्र करावे. जड शिसे तळाशी बसते आणि वरचा चमचा निर्दोष निघतो.