सोची हिवाळी ऑलिंपिक २०१४ : प्रेक्षक पास, व्हिसा आणि नोंदणी

रशियातल्या काळ्या समुद्राकाठच्या सोचीत ७ ते २३ फेब्रुवारी २०१४ दरम्यान हिवाळी ऑलिंपिक झालं. तिकीट मिळालं म्हणजे सगळं झालं, असं नव्हतं. प्रवेशद्वारावर तिकिटासोबत प्रेक्षक पास (आयोजकांकडे नोंदणी केल्यावर मिळणारं ओळखपत्र) दाखवावाच लागायचा आणि भारतीय नागरिकांना रशियाचा व्हिसा वेगळा काढावा लागायचा. पास हा व्हिसा नव्हता. खेळाडू आणि पथकातल्या अधिकाऱ्यांना अधिस्वीकृती ओळखपत्रावर व्हिसाविना येता यायचं, प्रेक्षकांना ती सवलत नव्हती.

पासला शुल्क नव्हतं. एकाच पासवर सगळ्या स्पर्धा पाहता यायच्या, मात्र प्रत्येक स्पर्धेचं तिकीट लागायचंच. आधी तिकीट घ्यायचं, मग त्यावरचा क्रमांक, पासपोर्टचा तपशील आणि छायाचित्र देऊन आयोजकांच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची. ही माहिती सुरक्षा यंत्रणा तपासायची, म्हणून निघायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबून चालायचं नाही. मंजुरी आली की सोचीतल्या पास केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवून पास घ्यावा लागायचा. विमानतळावरही असं केंद्र होतं. कुटुंबातल्या प्रत्येकाचा अर्ज वेगळा भरावा लागायचा.

आपल्याकडचे अर्ज बहुधा नावापाशी अडायचे. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढेच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. अर्ज भरताना ते गाळलं, तर अर्ज आणि पासपोर्ट जुळत नसत. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच क्रमाने लिहावं लागायचं. मध्येच पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल, तर क्रमांकही बदललेला असतो. नोंदणीत तो दुरुस्त करून घ्यावा लागायचा.

पर्यटक व्हिसासाठी महाराष्ट्रातल्यांना मुंबईतल्या रशियन वाणिज्य दूतावासाकडे जावं लागायचं. अर्ज, छायाचित्र आणि मूळ पासपोर्टसोबत हॉटेलचं किंवा रशियात नोंदणी असलेल्या पर्यटन संस्थेचं निमंत्रण आणि व्हाउचर (मुक्कामाच्या आरक्षणाचा कागद) लागायचं. व्हिसा संपल्यानंतरही पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा लागायचा. व्हिसाच्या तारखा व्हाउचरवरून ठरायच्या आणि हा व्हिसा तेव्हा जास्तीत जास्त ३० दिवसांचा असायचा. त्यामुळे व्हाउचर घेताना जाण्यायेण्याच्या दोन्ही बाजूंना एखादा दिवस जास्त धरणं बरं असायचं. फेब्रुवारीत मॉस्कोचं विमान बर्फामुळे रखडलं, तर तोच दिवस कामी यायचा.

रशियात उतरताना मिळणारं मायग्रेशन कार्ड (देशात आल्याची नोंद असलेला कागद) परतीपर्यंत जपून ठेवावं लागायचं. कुठे उतरलो याची सरकारदरबारी नोंदणी करायला एरवी सात कामकाजाचे दिवस मिळायचे. सोचीत मात्र ७ जानेवारी ते २१ मार्च २०१४ या काळात ती तीन दिवसांत व्हावी लागायची. हॉटेल ही नोंदणी करून द्यायचं. भाड्याच्या घरात उतरायचं, तर घरमालक ती करणार का, हे पैसे देण्याआधीच विचारावं लागायचं आणि नोंदणीची पावती खिशात ठेवावी लागायची.

स्पर्धा दोन ठिकाणी विभागल्या होत्या. स्केटिंग, आइस हॉकीसारखे गोठवलेल्या मैदानावरचे खेळ समुद्रालगतच्या ऑलिंपिक पार्कात झाले, तर स्कीइंग आणि भारताचा शिवा केशवन उतरला ती ल्यूज (बर्फाळ मार्गावरून घसरगाडीवर उताणं झोपून करायची शर्यत) क्रास्नाया पोल्यानाच्या डोंगरात. पास आणि तिकीट असेल, तर दोन्हींमधली रेल्वे मोफत होती. रशियातल्या विमानप्रवासात त्या वेळी हातसामानात कोणताही द्रवपदार्थ चालत नव्हता, त्यामुळे खोकल्याचं औषधसुद्धा चेक-इन सामानात टाकावं लागायचं.

ऑलिंपिक पार्कपासून अबखाझियाची (जॉर्जियातून फुटलेल्या प्रदेशाची) हद्द अगदी जवळ आहे. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असताना प्सोऊ नदीवरचं सीमेचं नाकं ओलांडलं, तर त्याच व्हिसावर सोचीत परत येता येत नसे.