‘डार्कनेस ॲट नून’ची पार्श्वभूमी : पक्षावरील श्रद्धा आणि तुरुंगाची खिडकी

1938 च्या वसंतात पॅरिसमध्ये, हिटलरच्या राजवटीतून निसटून आलेल्या जर्मन लेखकांच्या सभेत आर्थर कोस्लर बोलायला उभे राहिले. सुमारे सात वर्षे ते जर्मन कम्युनिस्ट पक्षात होते. कोणताही पक्ष किंवा व्यक्ती अचूक असल्याचा दावा करू शकत नाही, आणि उपयुक्त असत्यापेक्षा हानिकारक सत्य बरे, अशा आशयाने त्यांनी भाषण संपवले. निम्म्या सभेने टाळ्या वाजवल्या. पक्षाचे लोक मात्र हाताची घडी घालून गप्प बसून राहिले. त्यानंतर लवकरच कोस्लर यांनी पक्ष सोडला आणि त्याच सुमारास ‘डार्कनेस ॲट नून’ ही कादंबरी लिहायला घेतली.

त्या मार्चमध्येच मॉस्कोत रशियन क्रांतीचे एक आघाडीचे नेते बुखारिन यांच्यावरील खटला झाला होता. 1936 पासून स्टालिनच्या राजवटीने चालवलेल्या अशा खटल्यांत क्रांतीचे जुने शिलेदार भर न्यायालयात उभे राहून, आपण हेर आणि घातपाती असल्याचे कबूल करत होते. ते असे का बोलले, हे त्या पिढीला पडलेले कोडे होते. छळ, धमक्या आणि कुटुंबाची काळजी ही कारणे होतीच. पण बुखारिन यांनी अखेरच्या निवेदनात सांगितले की, आता मरायचे तर कशासाठी मरायचे, असे त्यांनी स्वतःला विचारले, तेव्हा समोर नुसती काळी पोकळी दिसली. कादंबरीचा नायक, कोठडीत पडलेला जुना क्रांतिकारक रुबाशोव्ह, याच पोकळीत उभा आहे. पक्षाबाहेर आयुष्यच उरले नसल्याने तो खोटी कबुली ही पक्षाची शेवटची सेवा मानतो. माझ्या मते कोस्लर यांचे हे उत्तर सर्व आरोपींना लागू पडत नाही. मात्र श्रद्धावान माणसाचे मन आतून कसे मोडते, हे इतक्या जवळून फार थोड्या लेखकांनी दाखवले आहे.

हे जवळून पाहणे कोस्लर यांच्या वाट्याला स्वतःच आले होते. फेब्रुवारी 1937 मध्ये स्पेनमधील मालागा शहरात बंडखोर सेनानी फ्रँकोच्या सैन्याने त्यांना पकडले आणि फाशीच्या छायेत ते सेव्हियाच्या तुरुंगात राहिले. रात्री इतर कैद्यांना गोळ्या घालण्यासाठी नेले जात असताना, खिडकीपाशी उभे राहून त्यांनी गादीतून काढलेल्या तारेच्या तुकड्याने भिंतीवर गणिताची सूत्रे कोरली. मूळ संख्या अनंत आहेत, हा युक्लिडचा सिद्धांत आठवताना मन अथांग शांततेत बुडाल्याचा अनुभव त्यांना आला. ‘सागरासारखी भावना’ म्हणून हाच अनुभव पुढे रुबाशोव्हच्या वाट्याला येतो. भिंतीवर ठोके देऊन शेजारच्या कैद्याशी बोलण्याचा तपशील मात्र बराचसा त्यांची बालमैत्रीण एव्हा स्ट्रायकर यांच्या आठवणींतून आला. स्टालिनच्या हत्येच्या कटाचा खोटा आरोप ठेवून स्ट्रायकर यांना 16 महिने रशियात कोंडून ठेवले होते.

कादंबरीतील ख्रिस्ती खुणा मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. एका संग्रहालयात रुबाशोव्ह तरुण कार्यकर्त्या रिखार्डला पक्षातून काढल्याचे सांगत असतो. समोरच्या भिंतीवर, मृत येशूला कवेत घेतलेल्या मेरीचे चित्र असते. पण रिखार्डच्या डोक्याआड ते झाकले जाते आणि दिसतात फक्त तिचे कृश हात. शेवटी रुबाशोव्हच्या खटल्याचा वृत्तांत त्याची मुलगी वाचून दाखवत असताना म्हाताऱ्या द्वारपाल वासिलीला पाठ असलेली बायबलमधील वचने आठवत राहतात. पक्षाने ‘मी’ या शब्दाला व्याकरणातला भ्रम मानले; रुबाशोव्हला तो ‘मी’ कोठडीत सापडतो, पण फार उशिरा.

लेखन चालू असतानाच ऑगस्ट 1939 मध्ये एकमेकांवर हल्ला न करण्याचा स्टालिन-हिटलर करार झाला. जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप यांच्या स्वागतासाठी मॉस्कोच्या विमानतळावर स्वस्तिकाचा झेंडा फडकला आणि कोस्लर यांची सोव्हिएत रशियाबद्दलची उरलीसुरली ओढही संपली. काही आठवड्यांतच फ्रेंच पोलिसांनी त्यांना ल व्हेर्ने येथील छावणीत डांबले. जानेवारी 1940 मध्ये सुटल्यावर पॅरिसच्या घरात ते जर्मनमध्ये लिहीत आणि त्यांची सहचारिणी, शिल्पकार डॅफ्नी हार्डी, त्याच खोलीत त्याचे इंग्रजी करत. हा अनुवाद जर्मन आक्रमणाच्या थोडेच आधी लंडनला रवाना झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये पुस्तक निघाले, तेव्हा परवान्याविना इंग्लंडमध्ये आलेले कोस्लर पेंटनव्हिल तुरुंगात होते. मूळ जर्मन लेखन हरवले असे समजून त्यांनी पुढे स्वतःच ते इंग्रजीवरून पुन्हा जर्मनमध्ये आणले. मूळ टंकलिखित 2015 मध्ये झुरिचच्या ग्रंथालयात सापडले, आणि 2018 मध्ये ते प्रथमच छापून वाचकांसमोर आले.