घरविक्रीचे प्रकटन विवरणपत्र (कॅलिफोर्निया)

राहते घर विकताना त्याच्या अवस्थेविषयी विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते खरेदीदाराला लेखी कळवण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याने कायद्यातच छापून दिलेला नमुना. तिथले मराठी लोक बोलताना याला नुसते ‘डिस्क्लोजर’ म्हणतात. राज्याच्या नागरी संहितेच्या कलम ११०२ व पुढील कलमांनुसार तो १ जानेवारी १९८७ पासून लागू आहे. एक ते चार घरांच्या निवासी मालमत्तेला तो भरावा लागतो.

या कायद्यामागे १९८४ चा एक अपील निकाल आहे. भरावाच्या जमिनीवर बांधलेले घर १९७६ साली विकले गेले आणि काही काळाने जमीन खचली. पूर्वीही ती खचली होती, हे खरेदीदाराला कोणी सांगितले नव्हते. उंचसखल फरशीसारख्या खुणा एजंटांच्या नजरेस पडल्या होत्या, तरी त्यांनी चौकशी केली नाही. एजंटाने स्वतः घर पाहून दोष कळवले पाहिजेत, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून या नमुन्यात विक्रेत्याबरोबर एजंटाच्या पाहणीचाही रकाना असतो.

विक्रेत्याचा भाग मोठा आहे. छप्पर, पाया, भिंती, नळ, वीज यांतले दोष. परवान्याशिवाय वाढवलेली खोली. भराव, पाणी साचणे, भूकंपाने झालेले नुकसान. शेजाऱ्याशी सामाईक कुंपण. चालू असलेले दावे. हे सर्व आठवून लिहायचे असते. ‘माहीत नाही’ हे उत्तर चालते, पण ते खरे असेल तरच. दुरुस्त करून घेतलेली गळतीसुद्धा लिहावी, कारण रंगाखाली झाकलेली ओल पहिल्या मोठ्या पावसात वर येते आणि तेव्हा प्रश्न विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाचा होतो. घर ‘आहे त्या स्थितीत’ विकले तरी या जबाबदारीतून सुटका नाही. मात्र हे विवरणपत्र म्हणजे हमी नव्हे. खरेदीदाराने स्वतंत्र तपासणी करून घ्यायचीच असते.

करारावर सह्या झाल्यानंतर विवरणपत्र हाती दिले, तर खरेदीदाराला ३ दिवसांत माघार घेता येते. टपालाने पाठवले असेल तर ५ दिवसांत. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या किंवा सहमालकांमधल्या विक्रीला सूट आहे.

पूर, वणवा व भूकंप यांच्या धोकाक्षेत्रांची माहिती वेगळ्या पत्रकात द्यावी लागते. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाच्या रंगाविषयीचे प्रकटन संघराज्याच्या कायद्याने सक्तीचे आहे. घरात गेल्या ३ वर्षांत मृत्यू झाला असल्यास तेही सांगावे लागते.

भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. करारात वेगळे ठरले असेल तेवढा अपवाद. पण या कलमाने कोणताही नमुना ठरवून दिलेला नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईत जुना फ्लॅट घेणाऱ्याने गळती, पार्किंगचा वाद, सोसायटीची थकबाकी यांविषयी स्वतःच लेखी विचारणे आणि उत्तरही लेखीच घेणे श्रेयस्कर ठरते.