मंत्रचळावर नैराश्याची गोळी कशी आली

हात सोलवटेपर्यंत धुणं, कुलूप दहादा ओढून पाहणं, नको तो विचार आला म्हणून स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणणं. याला मराठीत जुना शब्द आहे, मंत्रचळ. कित्येक घरांत तो सोवळ्याच्या आडोशाला बिनबोभाट नांदला. आता डॉक्टर त्याला ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात आणि गोळी लिहून देतात. घरी येऊन मोबाइलवर गोळीचं नाव शोधलं की दिसतं ‘नैराश्यावरील औषध’. मला कुठे नैराश्य आहे, असं म्हणून अनेकांची पट्टी तिथेच कपाटात जाते.

या गोंधळाचं मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. १९५७ साली रोलांड कून या मनोविकारतज्ज्ञाने इमिप्रामिन नैराश्यावर चालतं, हे जाहीर केलं. ते बनवणाऱ्या बाझलच्या गायगी कंपनीने पुढे त्याच रेणूला क्लोरीनचा एक अणू जोडला आणि क्लोमिप्रामिन तयार झालं. तेही नैराश्यासाठीच. पण १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये लोपेस इबोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शिरेतून देऊन पाहिलं, तेव्हा मंत्रचळाच्या रुग्णांनाही उतार पडलेला दिसला. तोवर या आजारावर औषध चालत नाही, असाच समज होता.

नैराश्य हटलं म्हणून मंत्रचळ कमी झाला असेल, ही शंका रास्त होती. १९८० साली स्वीडनमधल्या एका चाचणीत क्लोमिप्रामिनची तुलना नॉरट्रिप्टिलिन या दुसऱ्या नैराश्यविरोधी औषधाशी आणि नुसत्या बनावट गोळीशी केली गेली. क्लोमिप्रामिन बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं, नॉरट्रिप्टिलिन ठरलं नाही. म्हणजे नैराश्यावरचं हवं ते औषध इथे चालत नाही, मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनावर जोरकस काम करणारंच लागतं. मात्र मेंदूत सेरोटोनिन कमी पडतं म्हणून ओसीडी होतो, असा सोपा निष्कर्ष यातून निघत नाही. तो सर्रास काढला जातो, हा भाग वेगळा.

अमेरिकेत हे औषध बराच काळ मिळतच नसे, रुग्ण कॅनडातून मागवत. अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून ५२० रुग्ण होते. दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांची लक्षणं सरासरी ३८ ते ४४ टक्के उतरली, बनावट गोळीवर जेमतेम ३ ते ५ टक्के. नैराश्याच्या चाचण्यांत बनावट गोळीनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं. मंत्रचळ असा भुलत नाही. १९८९ च्या अखेरीस तिथे मंजुरी मिळाली. पण क्लोमिप्रामिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो आणि डोस वाढला की फीट येण्याचा धोका वाढतो. म्हणून मोठ्यांसाठी दिवसाला २५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली.

१९९०च्या दशकात ओसीडीसाठी फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन ही सेरोटोनिनवरच काम करणारी औषधं आली आणि सौम्य म्हणून पहिल्या पसंतीची ठरली. ओसीडीला नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त डोस लागतो: नैराश्यात फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅमवर भागतं, इथे ६० पर्यंतही जावं लागतं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडलेल्या गोळीला खरं तर संधीच मिळालेली नसते. पण डोस वाढवण्याचं काम डॉक्टरचं. याच गटातल्या सिटालोप्रामचं उदाहरण बोलकं आहे. २०११ मध्ये हृदयाच्या लयीवरच्या परिणामामुळे त्याचा डोस दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने दिला.

त्याआधी २००४ मध्ये सगळ्याच नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकावर मुलं आणि किशोरवयीनांसाठी चौकटीतला ठळक इशारा आला होता, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. सुरुवातीला किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात. तेव्हा पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं: अचानक बेचैनी, झोप उडणं, वागणं बदलणं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. घरात कुणाला बायपोलर आजार असेल तर तेही आधीच सांगायचं, कारण या गोळ्यांनी उन्माद उसळू शकतो.

दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, खोकल्याच्या औषधातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याशी या गोळ्यांची गाठ पडली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. बरं वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम तोडलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, हे विशेषतः पॅरोक्सेटिनवर दिसतं. ही औषधं आपल्याकडे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरी ओळखीचा केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं पट्टी देत राहतो आणि डोस पुन्हा तपासायचं राहूनच जातं.